मदत हवी आहे: आईसाठी हलका, उभा व्हॅक्युम क्लीनर. वायरचा घेऊ की बॅटरीचा?

रातांबा

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या आत काहीतरी ठरवायचंय म्हणून धागा काढतेय. जुने धागे चाळले, पण तिथे सगळी चर्चा रोबोटवर आहे आणि तो आमच्या घरी चालणार नाही. का, ते पुढे येईलच.

आईबाबा रत्नागिरीला असतात. आई ७१, बाबा ७५. बाबांना दमा. घर जुनं, बैठं. ओटी, माजघर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. ओटीला शहाबादी, आत टाइल्स. प्रत्येक दाराला चांगला टाचभर उंबरा (झाला रोबोट बाद). अंगण जांभ्याचं, त्यामुळे पावसाळा सोडला तर तांबडी धूळ रोज पाहुणी. कामाला येणाऱ्या मावशी आता एक दिवसाआड येतात. मधल्या दिवशी आई स्वतः केर काढते. तिची कंबर धरते, शिवाय उजव्या मनगटात नस दबलीय. घट्ट पकड लागेल अशी कामं कमी करा असं डॉक्टरांनी सांगितलंय. आणि कुंचा फिरला की बाबांचा खोकला सुरू.

घरात एक व्हॅक्युम क्लीनर आहे, म्हणजे माळ्यावर आहे. लांब नळी, पाच तोंडं आणि मागून कुत्र्याच्या पिल्लासारखं फरफटत येणारं धूड. १४०० वॉटचा आणि मोठ्या पिनेचा, त्यामुळे तो फक्त फ्रीजच्या सॉकेटला लागतो. म्हणजे आधी फ्रीज बंद करा, मग स्टूल आणा, मग बाबांना हाक मारा, मग तो खाली उतरवा. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी हा सोहळा होतो.

म्हणून आता कोपऱ्यात उभा राहील आणि आईला एकटीला हाताळता येईल असा हवाय. बजेट १५ हजार. सध्या डोळ्यासमोर दोन आहेत. एक वायरचा, ६०० वॉट, खोक्यावर वजन १.९ किलो, साडेतीन हजारांच्या आसपास. दुसरा बॅटरीचा, २.३ किलो, '२५ केपीए, ४५ मिनिटं', साडेबारा हजार. तिसरा पर्याय माझ्या भावाचा. तो न्यू जर्सीला असतो, दिवाळीला येतोय. त्याच्याकडचा बॅटरीचा डायसन व्ही८ घेऊन येतो म्हणतोय, फुकट.

वॉट आणि केपीए यांची तुलना कशी करायची ते मला कळत नाही. ४५ मिनिटं खरी असतात का? आणि चार-सहाशे ग्रॅमचा फरक आईला जाणवेल का? वापरणाऱ्यांनीच सांगा, जाहिराती पाहून झाल्यात.

पिंपळपान

माळ्यावरचा व्हॅक्युम क्लीनर हा आपल्याकडचा कौटुंबिक वारसा आहे. आमच्याकडे ९० च्या दशकात युरेका फोर्ब्सचा टाय लावलेला माणूस दारात आला होता. गादीवर पांढरा रुमाल ठेवून त्यातून धूळ काढून दाखवली आणि आजी इतकी शरमली की त्याच दिवशी घेतला. बाकी माहिती शून्य, वाचतेय.

कार्बनब्रश

माझं घरगुती उपकरणं दुरुस्तीचं काम आहे, २० वर्षं झाली. जरा लांबण लागेल.

वॉट म्हणजे मशीन वीज किती खातं. ओढतं किती, हे त्यावरून कळत नाही. युरोपात २०१४ मध्ये व्हॅक्युमच्या मोटरवर १६०० वॉटची मर्यादा घातली, २०१७ ला ती ९०० वर आणली, तरी तिथली घरं काही अस्वच्छ झाली नाहीत. केपीए म्हणजे तोंड पूर्ण बंद केल्यावर आत किती ताण येतो तो आकडा. पण तोंड बंद करून केर कोण काढतो? हवा किती वाहते हेही तितकंच महत्त्वाचं. दोन्ही मिळून 'एअरवॉट' होतात, आणि ते बहुतेक खोक्यांवर छापलेले नसतात. तेव्हा १५ केपीए आणि २५ केपीए यावरून डोकं शिणवू नका. गुळगुळीत फरशीवर धूळ वरच असते, तिला थोडी ओढ पुरते. जोर लागतो तो गादीला आणि जाड सतरंजीला.

४५ मिनिटं खरी असतात, पण सगळ्यात कमी वेगावर, आणि बऱ्याचदा पुढचा मोटरने फिरणारा ब्रश न लावता. पूर्ण जोरावर १० ते १५ मिनिटं धरा. तुमच्या पाच खोल्यांना मधला वेग वापरून पुरेल, गाद्या त्याच दिवशी काढू नका.

आता वजन. खोक्यावरचं वजन तराजूचं असतं, आईच्या हाताचं नसतं. उभ्या मशीनचे दोन घाट येतात. एकात मोटर आणि डबा वर, मुठीपाशी असतो आणि खाली नुसती नळी. हा पलंगाखाली झकास जातो, जळमटं काढायला उलटा धरता येतो, पण सगळा भार मनगटावर. दुसऱ्यात मोटर खाली, ब्रशाच्या लगेच वर. वजन जमिनीवर, हाताने फक्त ढकलायचं. हा बुटक्या पलंगाखाली अडतो आणि उंबऱ्यापाशी उचलावा लागतो. त्यामुळे २.३ किलोचा खालच्या मोटरचा १.९ किलोच्या वरच्या मोटरपेक्षा हलका लागू शकतो. नस दबलेली असेल तर मी दुसरा घाट आधी बघेन.

६०० वॉट म्हणजे जेमतेम पावणेतीन अँपिअर, साध्या ५-६ अँपिअरच्या पिनेवर कुठेही चालतो. फ्रीज बंद करायला नको.

आणि रत्नागिरी म्हणालात म्हणून सांगतो. स्वस्त वायरच्या मशीनची मोटर बहुधा मिक्सरसारखीच कार्बनच्या ब्रशांची असते. ब्रश झिजले तर गावातला कुठलाही मोटर भरणारा नवे बसवून देतो. बॅटरी गेली तर मात्र कंपनीचीच लागते, आणि ती तीन ते पाच वर्षांत दमतेच. घेण्याआधी बॅटरी बाहेर निघते का आणि सुटी मिळते का, एवढं विचारा. बॅटरी आत बंद करून ठेवलेली असेल तर मी तरी घेणार नाही.

हिंगाष्टक

काही खर्चच नको. लांब दांड्याचा झाडू आणि वर मायक्रोफायबरचा सपाट मॉप, सातशे रुपयांत काम. वाकायला नको, वीज नको. आमच्या आईला आम्ही तेच दिलंय.

रातांबा

हिंगाष्टक, मॉप आणून झालाय. टाइल्सवर छान चालतो. पण शहाबादीच्या सांध्यांत जी तांबडी माती बसते ती त्याने निघत नाही, आणि ओला केला की सांध्यात चिखल होतो. तरी मधल्या दिवसांसाठी तो चालूच आहे.

कार्बनब्रश, फारच उपयोगी. घाटांचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. दोन्हींची छायाचित्रं पुन्हा पाहिली. साडेतीन हजारवाला खालच्या मोटरचा आहे, साडेबारावाला वरच्या.

वाफारा

बाबांच्या दम्याबद्दल. मला स्वतःला दमा आहे म्हणून लिहितेय. कुंच्याने धूळ उडते ती बराच वेळ हवेत तरंगत राहते, व्हॅक्युमने ती आत जाते, हे खरं. पण आत गेलेली मागून परत बाहेर आली तर काय उपयोग? म्हणून फिल्टर पाहा, हेपा म्हणजे अगदी बारीक धूळही अडवणारा हवा. 'हेपासारखा', 'हेपा टाइप' असं लिहिलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही. एच१३ अशी प्रत लिहिलेली हवी. त्या प्रतीचा फिल्टर सगळ्यात निसटते कणसुद्धा ९९.९५ टक्के अडवतो. आणि झाकणाच्या फटीतून हवा गळत असेल तर चांगला फिल्टरही वायाच. अंधाऱ्या खोलीत मशीन चालू करून मागे टॉर्च मारायचा. उजेडात धूळ नाचताना दिसली तर समजायचं.

सगळ्यात वाईट क्षण डबा रिकामा करण्याचा. एवढीशी अर्ध्या लिटरची डबी, पण उघडली की नाकातोंडात. अंगणात जाऊन, डबा पिशवीत घालून मगच उघडायचा, आणि हे काम बाबांनी अजिबात करायचं नाही. आमच्याकडे नवऱ्याकडे दिलंय. त्याचं घरकामातलं योगदान तेवढंच, पण नियमित आहे.

ओहायोकर

ताई, भाऊ आणतोय त्याबद्दल.

इकडे 'अपराइट' म्हणतात तो मूळचा गालिच्यांच्या घरांसाठीचा प्रकार. त्याचा जन्मही आमच्याच राज्यातला. कँटन गावात जेम्स स्पँगलर नावाचा एक सफाई कामगार होता, त्याला दमा होता. झाडताना धूळ उडून त्रास होतो म्हणून त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून यंत्र केलं, १९०८ मध्ये पेटंट मिळालं, आणि ते हूव्हरने विकत घेतलं. तुमच्या बाबांना सांगा, ही वस्तू मुळात दमेकऱ्यानेच शोधलीय.

मुद्दा असा की इथल्या वायरच्या मशीनला १२० व्होल्ट लागतात. तिकडे २३० ला लावलं तर धूर. बॅटरीच्या मशीनचं तसं नसतं, चार्जरवर '१००-२४०' छापलेलं असेल तर फक्त पिन बदलायची. विमानात बॅटरीचे वॉट-तास बघा. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. १०० च्या आत असेल तर सहसा अडचण येत नाही. सुटी काढलेली बॅटरी चेक-इन सामानात चालत नाही, हातातल्या बॅगेतच ठेवायची. पण तिकडची वॉरंटी इकडे आणि इकडची तिकडे चालेल असं धरून चालू नका. आणि वापरलेल्या मशीनची बॅटरी आधीच अर्धं आयुष्य जगलेली असणार.

शेवग्याची_शेंग

व्ही८ वापरतेय. मशीन उत्तम, पण एक गोष्ट कुणी सांगत नाही. चालू ठेवायला बंदुकीसारखा खटका सतत दाबून धरावा लागतो. सोडला की बंद. बॅटरी वाचते, पण तर्जनी आणि मनगट दुखतं. व्ही१२ ला बटण आहे, एकदा दाबलं की चालू राहतं. तुझ्या आईच्या हाताला खटका नको गं. फुकट असला तरी नको.

आणखी एक. असल्या काठीवजा मशीन्स स्वतःच्या पायावर उभ्या राहत नाहीत. भिंतीत खिळे ठोकून त्यांचं स्टँड बसवावं लागतं, नाहीतर सोफ्याला टेकवायच्या आणि रात्री धाडकन पडल्याचा आवाज ऐकायचा. तुमच्या जुन्या भिंतीत ड्रिल चालतं का ते बघ.

कार्बनब्रश

शेवग्याची_शेंग यांच्याशी सहमत. आणि फिल्टरचं राहिलंच. धुतलेला फिल्टर पूर्ण वाळायला २४ तास लागतात, कोकणात पावसाळ्यात दोन-तीन दिवस. ओला बसवला की वास मारतो आणि मोटर दमते. माझ्याकडे येणाऱ्या मशीन्समध्ये निम्मं दुखणं हेच. दोन फिल्टर ठेवा. रांगोळी, सांडलेली कणीक, उदबत्तीची राख असलं पिठूळ काही ओढू नका, फिल्टर दोन मिनिटांत चोंदतो.

रातांबा

शनिवारी रत्नागिरीला जाऊन आले. आईला घेऊन मारुती मंदिरपाशी एका दुकानात गेलो. दुकानदार मला सगळं समजावत होता. आईने त्याला थांबवून मशीन स्वतःच्या हातात घेतलं. बॅटरीवालं तिला दिसायला फार आवडलं, पुढचा दिवा तर फारच. पण दुकानातल्या दुकानात चार फेऱ्या मारल्या आणि मनगट चोळत म्हणाली, "हे तुझ्या हाताचं आहे, माझ्या नाही."

वायरचं ढकलताना काही बोललीच नाही. दाराच्या उंबऱ्यावरून दोन्ही हातांनी उचलून पलीकडे ठेवलं, परत आणलं. मग विचारलं, "हे उभं राहतं का?" राहिलं. "मग माजघराच्या दारामागे मावेल." झाला निर्णय. एच१३ मात्र त्यात नाही, साधा कापडी फिल्टर आहे. म्हणून आई केर काढताना बाबांनी अंगणात बसायचं असं ठरलंय. ते तसेही तिथेच असतात.

भावाला व्ही८ आणू नको म्हणून कळवलं. तो जरा हिरमुसला. त्याऐवजी बदाम आणतोय.

पिंपळपान

वीस दिवस झाले, काय खबर? माळ्यावर गेला का?

रातांबा

नाही गेला! दारामागेच आहे आणि एक दिवसाआड बाहेर येतोय. शहाबादीच्या सांध्यांतली माती निघते. पलंगाखाली जात नाही, तिथे अजून मॉपच. वायर पाच मीटरची असली तरी ओटीपर्यंत पुरत नाही, एक्स्टेंशन बोर्ड घ्यावा लागला, आणि ती झोपाळ्याच्या कडीत अडकते तेव्हा आई माझ्या नावाने बोटं मोडते. आवाज इतका की तेवढ्या वेळात फोन केला तर उचलत नाही. पहिल्यांदा मी घाबरले होते.

आणि हो, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तिने ओटीवरची सगळी रांगोळी त्यानेच ओढली. फिल्टर धुऊन खिडकीत वाळत घातलाय. दुसरा मागवायचा राहून गेला होता, कार्बनब्रश, आता ओरडू नका.