रक्ताचा ठिपका म्हणजे फलित अंडं नव्हे
बलकावर रक्ताचा ठिपका दिसला की अंडं फलित, म्हणजे पिल्लू होऊ शकेल असं, असा एक समज आहे. ते बरोबर नाही. अंडं तयार होताना कोंबडीच्या आतली एखादी बारीक रक्तवाहिनी फुटते, त्याचा तो डाग. कोंबड्याचं तोंडही न पाहिलेल्या कोंबडीच्या अंड्यातही तो सापडतो. ओळखायचंच असेल तर बलकावरची छोटी पांढुरकी खूण बघा. फलित अंड्यात तिच्याभोवती वर्तुळं दिसतात, एरवी नुसता ओबडधोबड ठिपका. खायला दोन्ही सारखीच. अंडं वेळेवर उचललं तर पिल्लू धरायचा प्रश्नच नाही, कारण त्याला साधारण ३७.५ अंशांची ऊब लागते, तीही २१ दिवस.

‘रोज एक अंडं मिळायलाच हवं’ हा कोंबडी पाळणाऱ्यांचा हट्टही असाच चुकीचा. एक अंडं घडायला २४ ते २६ तास लागतात. त्यामुळे घालायची वेळ रोज थोडी पुढे सरकते, आणि दुपार टळली की कोंबडी एक दिवस सरळ खाडा करते. दिवस लहान झाले किंवा पिसं झडायला लागली की अंडी आणखी कमी, कधी पूर्ण बंद. तेवढ्यावरून खाद्य बदलण्याची घाई (आणि खाद्यवाल्याला शिव्या) नको.