उच्चार तोच, भाषा परक्या, अर्थ निराळे: तक्त्यासाठी शब्द कसे निवडावेत?

दांडियाबाजार_वाचक:
२७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, मंडळाच्या सभागृहात एक मोठा तक्ता लावायचा आहे. विषय असा की शब्द कानाला एकच, पण एकमेकींशी नातं नसलेल्या भाषांत अर्थ वेगळे. बडोद्यात गुजराती घरोघरी आहेच, शिवाय येणाऱ्यांत तमिळ आणि कन्नड मंडळीही असतात, म्हणून त्या भाषा हव्यात. आतापर्यंत जमवलेले शब्द: शिक्षा, तूप, पगार, नानी, बा, कसा. यातले कोणते ठेवावेत? आणि दोन शब्दांचं नातं नाही हे खात्रीने ठरवायचं कसं?

फतेगंजकर:
शिक्षा आधी काढा. मराठीत दंड, हिंदीत शिक्षण, पण शब्द एकाच संस्कृत मुळाचा. राजीनामा (हिंदीत समझोता) आणि यंत्रणा (हिंदीत यातना) हेही त्याच जातीचे. मूळ एक आणि अर्थ सरकलेला, त्यांचा वेगळा तक्ता होईल. तूपही नको. कन्नडमध्ये तुप्प म्हणजे तूपच, ती शेजाऱ्यांची देवघेव. नानीत गुजराती ‘लहान’ आणि हिंदी ‘आजी’ जमतात खरे, पण दोन्ही भाषा आपल्याच कुळातल्या, तुमची अट तिथेच मोडते.

पगार फार चांगला आहे, फक्त मांडणी जपून करा. मराठी आणि गुजराती पगार दोन्ही पोर्तुगीजमधून आले, तिथे ‘पगार’ म्हणजे पैसे देणे. त्यामुळे या तिघांचा रकाना एकच. दुसऱ्या रकान्यात मलय भाषा घ्या: तिथे पगार म्हणजे कुंपण, आणि तो शब्द त्यांचा स्वतःचा, कुणाकडून घेतलेला नाही.

मांजलपूर_व्युत्पत्ती:
‘कसा’बद्दल सावध राहा. इंग्रजी लिपीत लिहिला की जपानी छत्री, स्पॅनिश घर, तुर्की गल्ला आणि आपला ‘कसा’ अगदी एक दिसतात. देवनागरीत मात्र ते तिघे ‘कासा’च्या जवळ जातात, कारण आपला पहिला स्वर ‘अ’ आहे आणि त्यांचा ‘आ’. कन्नड ‘कस’ म्हणजे केरकचरा, तिथे शेवटचा अ स्पष्ट उच्चारतात, म्हणून तो ‘सोन्याचा कस’मधल्या कसशीही जुळत नाही. बहुतेक याद्या इथेच फसतात. इंग्रजी लिपीत ऱ्हस्व-दीर्घ, त-ट, ल-ळ सगळं एक होऊन जातं. शब्द आधी देवनागरीत लिहा, मग ती भाषा बोलणाऱ्याकडून म्हणवून घ्या.

(स्पॅनिश आणि तुर्की ‘कासा’ जोडीचे वाटतात, तेही नाहीत. पहिला लॅटिनमधल्या झोपडीवरून आला, दुसरा इटालियनमधून, लॅटिनमधल्या पेटीवरून.)

या कसोटीला उतरणारे शब्द तमिळमध्ये भरपूर आहेत. पाल: मराठीत भिंतीवरची, तमिळमध्ये दूध. काल: आपला मागचा दिवस, त्यांचा पाय. ऊर: आपली छाती, त्यांचं गाव. बंगळूरच्या शेवटी आहे तोच ऊर. बोलण्यातला ‘नाय’ तमिळमध्ये कुत्रा होतो.

‘पाल’ जरूर घ्या, कारण त्यातून ठरवायची रीतच दाखवता येते. प्रत्येक शब्द त्याच्या भाषेत जितका मागे नेता येईल तितका न्यायचा. मराठी पाल संस्कृत पल्लीवरून आली. जोडाक्षर गेलं आणि आधीचा स्वर दीर्घ झाला, जसं कर्णाचं कान, सप्ताचं सात, कल्यचं कल्ल होऊन काल. म्हणजे आपल्या ‘पाल’मधला आ मागाहून आलेला. तमिळ पालमधला आ मुळातला. कन्नडमध्ये तिचं भावंड ‘हालु’ आहे, कारण शब्दारंभीच्या जुन्या ‘प’चा कन्नडमध्ये ‘ह’ झाला. हा बदल एका शब्दापुरता नाही: दात पल्-हल्लु, साप पाम्बु-हावु, दहा पत्तु-हत्तु. बदल असा रांगेने दिसला की नातं पक्कं समजा. कानाला वेगळे वाटणारे पाल आणि हालु सख्खे, आणि कानाला एकच वाटणारी आपली पाल परकी. आपल्या पालीला तमिळमध्ये नातलग शोधायचाच तर तो ‘पल्लि’, तिथेही अर्थ पालच.

मागे नेण्यासाठी आपल्या कुळाला टर्नरचा तौलनिक कोश आणि द्राविडी शब्दांना बरो-एमेनो यांचा, एवढे दोन पुरतात. दोन्ही इंटरनेटवर शोधता येतात.

दांडियाबाजार_वाचक:
मनापासून आभार. मंडळातले एक ज्येष्ठ म्हणतात, अर्थही जुळणारे इतके शब्द सापडतात, ते निव्वळ योगायोगाने जुळणं शक्यच नाही. त्यांना काय सांगावं?

फतेगंजकर:
त्यांच्यासमोर कागदावर हिशेब मांडा. समजा दोन्ही भाषांत १५ व्यंजनं आणि ५ स्वर. अक्षरं झाली ७५, दोन अक्षरी शब्दांच्या शक्यता ७५ गुणिले ७५ म्हणजे ५,६२५. आता १,००० अर्थ घेऊन दोन्हीकडचे शब्द ताडून पाहा. अर्थही नेमका आणि उच्चारही नेमका हवा असेल तर १,००० भागिले ५,६२५, म्हणजे एकही जुळणी नसण्याचीच शक्यता जास्त.

पण हौशी शोधक इतका कडक नसतो. स्वरांकडे तो बघत नाही, म्हणजे १५ गुणिले १५, २२५ शक्यताच उरल्या. अर्थातही सूट घेतो: ‘पाणी’ला नदी, ओला, पिणे असे १० अर्थ चालवतो. तुलना झाल्या १०,०००. भागिले २२५, म्हणजे सुमारे ४४ जुळण्या काहीही नातं नसताना हाती येतात. खऱ्या भाषांत क, म, न, त यांसारखे ध्वनी जास्त वापरले जातात, त्यामुळे आकडा आणखी वाढतो. तुमच्या ज्येष्ठांना सापडतात त्या जुळण्या खऱ्याच आहेत, पण त्या या ४४ मधल्या.

ठोस उदाहरण हवं तर डोळा. मलय भाषेत ‘माता’, आजच्या ग्रीकमध्ये ‘माती’. ग्रीक शब्द जुन्या ‘ओम्माति-ओन’चा पुढचा-मागचा भाग झडून उरला. मलयचा मुळापासून ‘माता’च, आणि हवाईच्या भाषेत तो नियमाने ‘माका’ होतो. पर्शियन ‘बद’ आणि त्याच अर्थाचा इंग्रजी ‘बॅड’ यांचंही एकमेकांशी नातं नाही. आणि तक्त्यात मलय ‘माता’शेजारी आपला ‘माता’ लिहिलात तर आई आणि डोळा अशी तुमच्या विषयाची जोडीही मिळेल.

मांजलपूर_व्युत्पत्ती:
राहिला ‘बा’. गुजरातीत आई, खेड्यातल्या मराठीत बाप, कन्नडमध्ये ‘ये’. बडोद्यात हा हवाच, पण आई-बापांचे शब्द नात्याचा पुरावा म्हणून कधीच धरू नका, ना बाजूने ना विरुद्ध. ओठांचे म, ब, प तान्ह्या मुलाला आधी जमतात आणि आई-बाप ते स्वतःवर घेतात, कुठे कुणी घ्यायचे याला नियम नाही. जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे बाप आणि ‘देदा’ म्हणजे आई. कन्नड ‘बा’ मात्र वेगळाच, तो तमिळ ‘वा’चा भाऊ. शब्दारंभीच्या व चा तिथे ब झाला. म्हणून गुजराती आणि मराठी ‘बा’ एका चौकटीत, कन्नड दुसऱ्या चौकटीत लिहा.

आणखी एक, कारण कुणीतरी सुचवणारच: डोसा. गुजरातीत डोसा म्हणजे म्हातारा, म्हणून जोडी मोहात पाडते. पण पदार्थ तमिळमध्ये ‘दोसै’, कन्नडमध्ये ‘दोसे’, दोन्हीकडे द, आणि इथल्या गुजराती पाट्यांवर तो ‘ढोसा’ होतो. ड फक्त मराठी-हिंदीच्या लिहिण्यात आला. त्याला तक्त्यात घेऊ नका. ‘मर’ही कुणी सुचवेल: कन्नडमध्ये झाड. पण ‘कस’सारखाच तिथेही शेवटचा अ पूर्ण उच्चारतात, म्हणून तोही नको.