शब्दचर्चा : परीक्षा, मोह आणि ऐकणे

विचारणा
मंडळीच्या (चर्चच्या) शब्बाथ शाळेत मी मोठ्या मुलांचा वर्ग घेते. येशूने शिकवलेली ‘प्रभूची प्रार्थना’ शिकवताना ‘आम्हाला परीक्षेत आणू नकोस’ या ओळीवर एका मुलीने विचारलं, ‘परीक्षा तर चांगली असते ना? मग नको का म्हणायचं?’ परीक्षा आणि मोह यांतला फरक मुलांना कसा सांगावा? शिवाय ‘आज्ञापालन’ म्हटलं की मुलांना फक्त शिस्त आठवते. त्याला जवळचा शब्द आहे का?

प्रतिसाद
ताई, मुलीचा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे परीक्षा घेतात, देतात आणि पाहतातही. ‘देव परीक्षा पाहतो आहे’ हे संकटात सापडलेला कुठलाही मराठी माणूस म्हणतो. हरिश्चंद्राची, चिलया बाळाच्या आईबापांची सत्त्वपरीक्षा आपण लहानपणापासून ऐकतो. त्यामुळे परीक्षा म्हणजे कस लागणं, आणि त्यातून उजळून निघणं. बायबलमध्ये देव अब्राहामाकडे मुलाचा बळी मागतो, त्या गोष्टीत (उत्पत्ती २२) हाच अर्थ आहे. ‘मोह’ म्हटलं की मात्र षड्रिपू आठवतात. मोह होतो, मोह आवरतो, माणूस मोहात पडतो. त्यात सारा भार आपल्या मनावर येतो, बाहेरून कुणी ओढतंय हे त्या शब्दात दिसत नाही. त्यासाठी ‘भुरळ घालणे’ बरं. एदेन बागेतल्या सापाने हव्वेला भुरळ घातली, तो फसवायलाच आला होता.

प्रतिसाद
नव्या करारातल्या ग्रीक भाषेत दोन्हींना एकच शब्द आहे, पेइरास्मोस. कस पाहणं आणि पापाकडे ओढणं, दोन्ही त्यातच. कुठे काय घ्यायचं ते संदर्भावरून ठरतं. याकोबाने नव्या करारातल्या आपल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात हा गुंता सोडवलाय: देव कुणाला मोहात पाडत नाही, प्रत्येक जण आपल्याच वासनेने ओढला जातो. प्रसंग एकच असतो. देवाला त्यात तुम्ही उभे राहायला हवे असता, सैतानाला पडायला. मुलांना मी हेच सांगेन.

कॅथलिक चर्चमध्येही या ओळीवर बराच खल झाला. फ्रेंच भाषेतली प्रार्थना २०१७ च्या डिसेंबरात बदलली, इटालियन २०२० च्या नोव्हेंबरात. देव मोहात ढकलतो असा अर्थ निघू नये, एवढंच कारण.

प्रतिसाद
‘आज्ञापालना’बद्दल मला मनापासून लिहायचं आहे, कारण या शब्दाने आपलं नुकसान केलंय असं मला वाटतं. ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’ हे रजेच्या अर्जाखाली लिहून लिहून तो शब्द कागदी झाला. खरा शब्द घरात रोज वापरला जातो: ऐकणे. ‘पोरगा ऐकत नाही’ म्हणजे त्याचे कान बिघडले असं कुणी समजत नाही. जुन्या कराराच्या हिब्रू भाषेत अगदी हेच आहे. शमा म्हणजे कानाने ऐकणं, आणि ऐकून तसं वागणंही. शमुवेल संदेष्टा शौल राजाला सुनावतो की यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं (१ शमुवेल १५), तिथे मूळ शब्द हाच आहे. शत्रू अमालेक्यांचं सगळं नष्ट करायची देवाची आज्ञा होती, तरी शौलाने त्यांची उत्तम मेंढरं-गुरं राखून ठेवली आणि वर म्हणाला, यज्ञासाठी ठेवली. आवाज कानावर आला होता, पण तो ‘ऐकला’ नव्हता. आपलीही पळवाट बहुतेक वेळा अशीच भक्तीच्या नावाने निघते, म्हणून हा अध्याय वाचताना मला धास्ती वाटते.

आता हे प्रभूच्या अरण्यातल्या प्रसंगाशी जोडून पाहा (मत्तय ४). चाळीस दिवसांचा उपास, समोर धोंडे, आणि सैतान म्हणतो, यांच्या भाकरी कर. भूक खरी होती, भाकर हे काही पाप नव्हे. सैतान तीन वेळा बोलतो, तिन्ही वेळा येशू ‘असं लिहिलं आहे’ म्हणून उत्तर देतो, आणि तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातली आहेत: एक आठव्या अध्यायातलं, दोन सहाव्यातली. त्याच सहाव्या अध्यायात ‘हे इस्राएला, ऐक’ ही यहुदी लोकांची रोजची प्रार्थना आहे. दुसऱ्या मोहाच्या वेळी तर सैतानही स्तोत्रसंहितेतलं वचन म्हणून दाखवतो. वचन दोघांनाही पाठ होतं. येशू मात्र पित्याचं ऐकत होता.

प्रतिसाद
‘ऐकणे’ पटलं. जोडीला ‘शब्दाबाहेर नसणे’ हाही प्रयोग घ्या. ‘तो वडिलांच्या शब्दाबाहेर नाही’ यात धाक असतोच असं नाही, बहुतेकदा माया असते. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणणारा पुत्र शब्दाबाहेर नव्हता. आणि झोपलेल्या शिष्यांना त्याने तिथेच सांगितलं, परीक्षेत पडू नये म्हणून जागे राहा, प्रार्थना करा. ‘पडणे’ हे क्रियापद तिथे परीक्षेला जोडून येतं, हेही त्या मुलीला दाखवा.

विचारणा करणारी
मनापासून आभार. एक राहिलं. मुलांना ‘मोहाशी लढा’ म्हणावं, की ‘मोह टाळा’?

प्रतिसाद
शास्त्रात दोन्ही आहेत. याकोब म्हणतो सैतानाला अडवा, पण त्याच वाक्यात आधी आहे ‘देवाच्या अधीन व्हा’. हा क्रम मुलांकडून पाठ करून घ्या. प्रेषित पौल मात्र करिंथ शहरातल्या मंडळीला जारकर्मापासून सरळ पळ काढायला सांगतो. योसेफाने तेच केलं. त्याचा धनी पोटीफर याच्या बायकोने त्याला गळ घालून वस्त्र धरलं, तो ते तिच्या हातात टाकून बाहेर पळाला (उत्पत्ती ३९). त्यापायी तुरुंगात गेला, पण त्याने तिथे उभं राहून वाद घातला नाही. मोठ्या मुलांना ही गोष्ट नक्की सांगा, तुरुंगासकट सांगा. नाहीतर त्यांना वाटेल की देवाचं ऐकलं की लगेच सगळं नीट होतं. आणि मोबाईल, कॉपी, मित्रांची गळ, यांतलं काय अडवायचं आणि कुठून उठून निघून जायचं, ते त्यांनाच ठरवू द्या. त्यांना ते आपल्याहून चांगलं माहीत असतं.