ऐकता आलं की झालं?
"मनापासून ऐकता आलं की झालं, आध्यात्मिक सोबतीला ट्रेनिंग कशाला" असं या चर्चेत वर कोणीतरी म्हटलंय. आध्यात्मिक सोबत म्हणजे दुसऱ्याच्या श्रद्धेच्या, दुःखाच्या काळात ऐकत त्याच्याबरोबर असणं; त्याच्या कोर्सला बसेपर्यंत ते मलाही पटायचं, आता नाही पटत. व्हर्बेटिमबद्दल, म्हणजे कोर्समधल्या संवाद लिहून काढायच्या सरावाबद्दल, कोणीच लिहिलं नाही म्हणून सांगते. संवाद झाला की तो आठवेल तसा शब्दन् शब्द कागदावर उतरवायचा, समोरची काय म्हणाली, मी काय म्हणाले, मध्ये कुठे शांतता होती, आणि बाजूच्या रकान्यात त्या क्षणी माझ्या मनात काय चाललं होतं ते, मग सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे मार्गदर्शकासोबतच्या बैठकीत, मोठ्याने वाचायचं. सरावाच्या जोडीदारणीने मला सांगितलं होतं, "आई गेल्यापासून प्रार्थनेला बसवतच नाही," आणि मी लगेच "होईल हळूहळू" म्हणून मोकळी झाले. ते वाचताना माझा आवाजच फुटेना, कारण बाजूला मीच लिहिलं होतं, 'भीती वाटली, माझी आई आठवली.' म्हणजे धीर मी तिला नाही, स्वतःला देत होते. सुपरवायझरने चूक काढली नाही, एवढंच विचारलं, "त्या भीतीपाशी थोडं थांबूया का?"

ही पद्धत हॉस्पिटलमधल्या चॅप्लेनच्या, म्हणजे रुग्णांना आध्यात्मिक आधार देणाऱ्यांच्या, ट्रेनिंगमधून आलीय. १९२५ मध्ये अमेरिकेतल्या वूस्टरच्या मनोरुग्णालयात अँटन बॉयसेन या धर्मोपदेशकांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पेशंटांपाशी नेऊन त्या ट्रेनिंगचा पाया घातला, आणि बॉयसेन स्वतः मानसिक आजारातून गेलेले होते, हे मला फार मोलाचं वाटतं. बदल झाला हे कसं कळतं म्हणाल तर, परवाच्या व्हर्बेटिममध्ये माझ्या नावापुढे सलग तीनदा नुसतं 'शांतता' लिहिलंय.