पहिल्या सभेला जाण्याआधी

भावाची दारू सुटावी म्हणून त्याला अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणाऱ्या गटाच्या, सभेला न्यायचं, तर तिथे त्याला सगळ्यांसमोर बोलायला लावतील का, ही शंका रास्त आहे. नाही लावत. या सभेत ‘आज फक्त ऐकतो’ एवढं म्हटलं तरी चालतं. आडनाव सांगावं लागत नाही, फी नसते. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट, आणि तीही कुणी तपासत नाही.

शोधताना सभा खुली आहे की बंद, हे मात्र आधी विचारा. बंद सभा ज्यांना स्वतःला दारूचा त्रास आहे त्यांच्यापुरतीच असते. खुल्या सभेत तुम्हीही त्याच्याशेजारी बसू शकता, म्हणून सुरुवातीला तीच बरी. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या संकेतस्थळावरची वेळ आणि जागा बदललेली असू शकते, तेव्हा त्यांच्या हेल्पलाइनला फोन करून खात्री करा. पलीकडे बहुधा स्वतः दारू सोडलेलाच माणूस असतो. लाजायचं कारण नाही.

गट पटला नाही तर दुसरा बघा. प्रत्येक गटाचा सूर वेगळा असतो. सभेतली देवाची भाषा खटकत असेल तर स्मार्ट रिकव्हरी हा देवाचा आधार न घेणारा आधारगट, हा पर्यायही आहे.

एक गोष्ट फार गंभीरपणे घ्या. तो रोज भरपूर पीत असेल तर एकदम बंद करू देऊ नका. फिट येणं, भ्रम होणं असे प्रकार जिवावर बेतू शकतात. आधी डॉक्टर, सभा सोबतीने.

आणि तो तयार होईपर्यंत तुम्ही थांबू नका. कुटुंबीयांसाठी १९५१ पासून अल-अनॉन आहे, तिथे एकट्याने गेलात तरी चालतं.