आवडत्या बँडचे अप्रकाशित ध्वनिमुद्रण सापडले, तर त्याचा दुवा इतरांना द्यावा का?

जुना वॉकमन (धागालेखक)

रेडिओहेड या इंग्लिश बँडचे गायक टॉम यॉर्क यांचा मिनीडिस्कचा (ध्वनिमुद्रणाच्या छोट्या तबकड्यांचा) खाजगी साठा जून २०१९ मध्ये बँडच्या संमतीवाचून बाहेर फुटला. 'ओके कॉम्प्युटर' हा अल्बम १९९७ मध्ये आला. त्याच्या जडणघडणीच्या काळातील सुमारे अठरा तासांच्या या ध्वनिमुद्रणांत अर्धवट चाली, गिटारवर एकट्याने केलेले प्रयत्न, तालमी आणि मैफलींचे तुकडे असे सगळेच होते. त्यासाठी दीड लाख डॉलर मागितले गेल्याचे गिटारवादक जॉनी ग्रीनवुड यांनी जाहीर केले आणि ती मागणी धुडकावून बँडने संपूर्ण साठा बँडकॅम्प या संगीतविक्रीच्या संकेतस्थळावर अठरा पौंडांना, अठरा दिवसांसाठी विक्रीला ठेवला. उत्पन्न 'एक्स्टिंक्शन रिबेलियन' या पर्यावरणवादी चळवळीला देण्यात आले. कोणत्या डिस्कवर कोणते गाणे कितव्या मिनिटाला येते, याचे तपशीलवार टिपण चाहत्यांनीच तयार केले.

असे काही आंतरजालावर सापडले, तर त्याचा दुवा इतर चाहत्यांना देण्यात मला गैर दिसत नाही. 'ट्रू लव्ह वेट्स' हे गाणे यॉर्क यांनी १९९५ मध्ये ब्रुसेल्सच्या मैफलीत प्रथम गायले, २००१ मध्ये त्याचे मैफलीतले रूप अल्बमवर आले आणि स्टुडिओतले रूप थेट २०१६ मध्ये. मधल्या काळात त्याची बदलती रूपे जगभर पोहोचली ती श्रोत्यांनी एकमेकांना पाठवलेल्या ध्वनिमुद्रणांमुळे.

अनुस्वार

आपण दिलेले उदाहरण आपल्याच मताच्या विरुद्ध जाते. ब्रुसेल्समध्ये यॉर्क तिकीट काढून आलेल्या लोकांपुढे गायले. ते गाणे लोकांनी ऐकावे, हा निर्णय त्यांचा स्वतःचा होता. मिनीडिस्कच्या बाबतीत असा निर्णय कोणीच घेतला नव्हता. हे ध्वनिमुद्रण लोकांसाठी कधीच नव्हते, असे ग्रीनवुड यांनी विक्रीच्या वेळीच लिहिले होते. ज्या विक्रीकडे आपण मोठ्या मनाचे कृत्य म्हणून पाहतो, ती माझ्या मते निव्वळ नाइलाजातून आलेली होती.

याच बँडचा २००३ मधला अनुभवही विसरू नये. 'हेल टू द थीफ' हा अल्बम प्रकाशित होण्याच्या सुमारे दहा आठवडे आधी त्याची कच्ची, अंतिम मिश्रण न झालेली प्रत आंतरजालावर आली. अनेकांनी तीच ऐकली आणि तिच्यावरच मते बनवली. जे काम कलाकाराच्या दृष्टीने अजून पुरे झालेलेच नाही, त्याचा दुवा प्रेमापोटी दिला काय किंवा खोडसाळपणे दिला काय, कलाकाराचे होणारे नुकसान सारखेच असते.

खर्ज

२००० मध्ये याच बँडचा 'किड ए' हा अल्बम नॅपस्टर या फाइल-वाटप सेवेवर प्रकाशनाआधीच फुटला होता, तरीही तो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. नुकसान नेमके कोठे झाले?

अनुस्वार

खप झाला म्हणून परवानगीचा प्रश्न सुटत नाही. शिवाय तो अल्बम फुटल्यामुळे पहिला आला की फुटूनही पहिला आला, हे कोणी सिद्ध केलेले नाही.

तिसरी घंटा

दोन्ही बाजू दुव्यावरच अडल्या आहेत. चाहत्याचे काम दुवा देऊन संपत नाही. २३ ऑगस्ट २००९ रोजी प्रागच्या मैफलीत सुमारे पन्नास चाहत्यांनी वेगवेगळ्या जागांवरून चित्रण केले, ते एकत्र जुळवले आणि बँडने त्यासाठी आपले मूळ ध्वनिमुद्रण दिले. पुढच्या वर्षी तो चित्रपट विनामूल्य उपलब्ध झाला. चाहत्यांनी विचारले आणि बँडने दिले, असा मार्ग असताना चोरीच्या मालाभोवती एवढा खल कशासाठी? (आपल्याकडे शास्त्रीय मैफलींच्या खाजगी ध्वनिफिती रसिकांमध्ये हस्ते-परहस्ते फिरत आल्या आहेत, तेथे गायकाला विचारले होते का, असे कोणी विचारले की बैठक लगेच गप्प होते.)

जुना वॉकमन

प्रागच्या चाहत्यांना मैफल आधीपासून माहीत होती, म्हणून विचारता आले. अस्तित्वच ठाऊक नसलेल्या ध्वनिमुद्रणासाठी कोणाकडे परवानगी मागायची? एखादी चाल किती वेळा मोडून पुन्हा बांधली गेली, हे त्या अठरा तासांतून जसे कळते, तसे पूर्ण झालेल्या अल्बममधून कधीही कळणार नाही आणि संगीत शिकणाऱ्यासाठी ही सामग्री अमूल्य आहे.

अनुस्वार

शिकणाऱ्याला थोडे थांबता येते. १९९६ मध्ये मैफलींत गायलेले 'लिफ्ट' हे गाणे बँडने 'ओके कॉम्प्युटर'च्या २०१७ मधल्या पुनर्प्रकाशनात स्वतःहून दिले आणि जानेवारी २०२० मध्ये आपले अल्बम, चित्रफिती आणि जुनी दुर्मीळ सामग्री एका संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली केली. त्या संग्रहातल्या कोणत्याही गोष्टीचा दुवा आपण द्या, मी स्वतः तो पुढे पाठवेन.

खर्ज

आणि ज्याने ते अठरा पौंड भरले, त्याने ती फाइल मित्राला द्यावी की नाही?

अनुस्वार

देऊ नये. ते पैसे चळवळीला जाणार होते; मित्रालाही ते भरता आले असते.

जुना वॉकमन

अठराव्या दिवसानंतर कसे भरणार?