माळ्याच्या फळ्या

(फॅमिली ग्रुप, गुरुवार रात्रीपासून)

प्रसाद: (फोटो) कणकवलीच्या घराच्या माळ्याच्या फळ्या आज पुण्यात पोचल्या. अकरा आहेत, आठ-आठ फुटी. चार फुटी डायनिंग टेबल करायचंय. एक फळी इथल्या मिलमध्ये रंधा मारायला नेली, तर मालक म्हणतो तुमच्या खिळ्याने माझी पाती गेली, धार लावायचे पैसे द्या. आणि फळीवर ही बघा, या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ.

आत्या: किती काळ्या आहेत रे! जळल्यात का?

बाबूकाका: जळाक काय झाला? खाली रांदचीकूड, वर माळो. धूर तो, चुलीचो.

मेघनाताई: सागवानाला इतका धूर बसतो?

बाबूकाका: सागवान नाय गो, फणस. परड्यातलो फणस पाडून तेचो माळो घातलेलो.

सुनील भावोजी: प्रसाद, खिळे काढले होतेस का?

प्रसाद: दिसले तेवढे काढले.

सुनील भावोजी: मग पैसे देऊन टाक. जुन्या फळीतले खिळे दिसणारे नसतातच. डोकं गंजून जातं, दांडा आत राहतो. पात्याला त्याने खाच पडली की तेवढ्या जागी लाकूड कापलं जात नाही, म्हणून ती उभी रेघ. रेघ खोल नाहीये, उंच आहे. बोट फिरवून बघ.

प्रसाद: हो, उंच आहे.

सुनील भावोजी: उरलेल्या दहा फळ्यांवरून लोहचुंबक फिरव. जुना स्पीकर असेल तर त्याचं काढ. दोऱ्याला बांधून फळीच्या अगदी जवळून सावकाश न्यायचं, जिथे ओढ घेईल तिथे खडूने गोल. फळीवर काळा डाग दिसला तर तिथे बहुतेक लोखंड होतं किंवा आहे. दांडा मागून पंचने ठोकून वर आणायचा आणि पकडीने ओढायचा. नाहीच निघाला तर त्या जागी फळी कापायची, मशीनमध्ये घालायची नाही.

सुनील भावोजी: आणि तारेचा ब्रश मार. लोक खिळ्याला घाबरतात, पण भेगांत बसलेली माती आणि चुना पात्याची धार जास्त खातात. खिळ्याचा निदान आवाज तरी येतो.

निखिल (न्यू जर्सी): प्रसाददादा, माझ्या गॅरेजमध्ये 13 इंची थिकनेसर (रंधा मारायचं मशीन) आहे. फळ्या पार्सल कर 😄

प्रसाद: फळ्या 14 इंच रुंद आहेत.

निखिल: मग सॉरी.

(शुक्रवार)

प्रसाद: दहा फळ्यांतून 43 खिळे निघाले. काही चौकोनी दांड्याचे आहेत, लोहाराने ठोकलेले वाटतात. पण भावोजी, काल मारलेली फळी टेबलावर ठेवली तर डुगडुगते. दोन्ही अंगं गुळगुळीत, मग सपाट का नाही? मिलवाल्याने नीट मारली नाही का?

सुनील भावोजी: थिकनेसर सपाट करत नाही रे. जाडी सारखी करतो. पॅटर्न शॉपमध्ये (ओतकामाचे लाकडी नमुने करतात तिथे) नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशी हेच शिकवायचो आणि दुसऱ्या दिवशी तो हीच चूक करायचा.

मेघनाताई: आता हे अर्धा तास लिहिणार. मी भाजी चिरून येते.

सुनील भावोजी: फळी आत गेली की वरचे रूळ तिला खालच्या पाटावर दाबून धरतात. पीळ असलेली फळी तेवढ्यापुरती सरळ होते, वरून पाती चालतात, पलीकडे बाहेर आली की फळी परत आपल्या पिळावर. फक्त पातळ झालेली. म्हणून आधी एक अंग सपाट करायचं. तुझ्या फळीला पीळ किती?

प्रसाद: कसा मोजू?

सुनील भावोजी: फरशीवर ठेव. तीन कोपरे टेकव, चौथा किती उचलला ते बघ.

प्रसाद: तीन सूत. फळीची जाडी सव्वा इंच.

सुनील भावोजी: इंचाचे आठ सूत, म्हणजे दहा सुतांतले तीन पिळातच जाणार. वर साफसफाईचं एक सूत. उरली पाऊण इंच. टेबलाला बारीक वाटेल. पण तुला आठ फुटी फळी कशाला लागतेय? आधी मधोमध काप. आठ फुटांत तीन सूत पीळ, तर चार फुटांत साधारण दीडच. मग उभीही चिर, सात-सात इंची कर. मशीनमध्ये मावेल आणि रुंदीतला बाकही निम्म्याहून कमी होईल. फळी आधी कापायची आणि मग रंधायची. उलटं केलंस तर घरचं लाकूड भुशात जातं.

प्रसाद: हे मिलवाल्याने का नाही सांगितलं?

सुनील भावोजी: तू विचारलंस का? शनिवारी सगळं घेऊन कोल्हापूरला ये.

आत्या: येताना जेवून येऊ नकोस.

(शनिवार)

प्रसाद: (फोटो) भावोजींचा जुगाड बघा. प्लायच्या पट्टीवर फळी, उचललेल्या कोपऱ्यांखाली पाचरी, त्या ग्लूने चिकटवल्यात. म्हणजे रुळांनी दाबलं तरी फळी दबत नाही. असं वरचं अंग सपाट झालं की फळी उलटी करून, पट्टीशिवाय दुसरं अंग. एका वेळी अर्धा मिलिमीटरच घेतात. मी म्हटलं जरा जास्त घ्या, तर बघितलं नुसतं माझ्याकडे.

सुनील भावोजी: फणसाच्या रेषा जागोजागी उलटतात. जास्त घेतलं की खवले उठतात.

प्रसाद: (फोटो) आणि हे.

मेघनाताई: अगं बाई! हा रंग?

आत्या: हळदीत बुडवल्यासारखी!

प्रसाद: वरचं काळं जेमतेम कागदाएवढं होतं. पहिल्या फेरीत तपकिरी, दुसऱ्या फेरीत हे. माझे मोजे पण पिवळे झालेत.

सुनील भावोजी: फणसाच्या गाभ्याचा रंगच आहे तो. भिक्षूंची चीवरं याने रंगवत. मोजे गेले तुझे. मास्क लाव म्हणून मघापासून सांगतोय, तो गळ्यात आहे याच्या.

आत्या: प्रसाद, मास्क!

बाबूकाका: ह्यो पिवळो ऱ्हवाचो नाय. उजेडात तांबूस जातलो.

मेघनाताई: थांबा थांबा. तिसऱ्या फोटोत मागे टेकवलेल्या फळीवर काय खुणा आहेत? सुरीने ओढल्यासारख्या?

प्रसाद: हो, चार उभ्या आणि एक आडवी. अशा बऱ्याच आहेत.

बाबूकाका: नारळांचो हिशेब. बापूस माळयार नारळ टाकताना करी. एक रेघ म्हणजे शंभर.

प्रसाद: ...ही आता मशीनमध्ये घालणार होतो.

सुनील भावोजी: खुणांचं अंग टेबलाच्या खाली जाऊदे. वरचं अंग काढतो, खालच्याला फक्त ब्रश. पण तिला पीळ आहे, त्यामुळे खालून फ्रेमला बसवताना पॅकिंग द्यावं लागेल. काम वाढलं.

प्रसाद: वाढूदे.

(रविवार)

प्रसाद: सगळ्या फळ्या सात सुतांच्या वर राहिल्या. फळीची टोकं खोल जातात ना, त्यासाठी पुढे-मागे त्याच जाडीचा भंगार तुकडा लावला होता. खिळ्यांच्या काळ्या डागांना ऑक्झॅलिक ॲसिड लावायचं की ठेवायचे?

मेघनाताई: ठेव. जुनं लाकूड नवीन दिसायला हवं असेल तर नवीनच घे की.

आत्या: काही तुकडे उरले असतील तर मला दोन पाट करून दे.

सुनील भावोजी: पाट होतील, पण लांब फळी रंधून मग कापायची. फूटभराचा तुकडा मशीनमध्ये घालायचा नाही, उलटा अंगावर येतो.

आत्या: कसेही कर. दोन.

निखिल: मला पण एक.

आत्या: तुझ्याकडे जमिनीवर बसतं कोण?

निखिल: आत्या, भिंतीवर लावेन.

आत्या: दोनच कर रे प्रसाद.